दिव्यांचा घागरा आणि ‘2000 एमएएच’चा सेल: किट घेण्याआधी हे मोजा

नवरात्र जवळ आली की नंदुरबार, शहादा, जळगावकडे मोबाइलवर एकच जाहिरात फिरायला लागते: दिव्यांचा घागरा स्वतः शिवा, पूर्ण किट, माल हाती आल्यावर पैसे. किटात गोल जांभळा कंट्रोलर बोर्ड, 20 रंगीत एलईडी, वीज वाहणारा धागा, सेल आणि चार्जिंगचा बोर्ड. असं आलेलं किट आम्ही उघडून, मोजून पाहिलं. बोर्ड आणि एलईडी चालू होते. बाकी तिन्ही वस्तूंत गंडवलेलं होतं, आणि त्यातलं काहीच फोटोत दिसण्यासारखं नव्हतं.

धाग्याच्या रिळावर ‘स्टेनलेस स्टील’ची चिठ्ठी होती, आत मात्र भरतकामाच्या दुकानात मिळते ती चंदेरी जर. ही जर म्हणजे पॉलिस्टरच्या पट्टीवर धातूचा अगदी पातळ थर आणि वरून पारदर्शक लेप. चमकते छान, वीज वाहत नाही. मल्टिमीटर 200 ओहमवर लावा आणि 30 सेंटिमीटर धागा मोजा. स्टीलचा धागा साधारण 10 ते 20 ओहम दाखवतो. चांदीचा मुलामा दिलेला नायलॉन जाडीनुसार 15 पासून 80 पर्यंत जातो. जरीला मीटर नुसतं ‘1’ किंवा ‘ओएल’ दाखवतं. मीटरच्या पीं आवाजावर विसंबू नका, बरेच मीटर 50 ओहमच्या वर गप्प बसतात. मीटर नसेल तर टोक काडीवर धरा: पॉलिस्टर आक्रसून काळी गाठ होते, स्टीलचे तंतू लाल होतात पण तसेच राहतात.

आणि धागा खरा असला तरी ‘सगळं धाग्यानेच जोडा’ हा किटवाल्यांचा दावा खोटाच. हे एलईडी पूर्ण पांढरे लावले की एकेक सुमारे 60 मिलिअँपिअर खातो, 20 चे झाले 1.2 अँपिअर. एका मीटर धाग्यात निदान तीसेक ओहम असतात, तिथून एवढा करंट जाणारच नाही. प्लस-मायनसला मऊ सिलिकॉनची वायर घ्या, धागा फक्त डेटाला, म्हणजे एलईडीला रंग सांगणाऱ्या सिग्नलला. गाठीवर रंगहीन नेलपॉलिश लावा, नाहीतर सुटलेले तंतू शेजारच्या टाक्याला चिकटून शॉर्ट करतात.

सर्वांत मोठी लबाडी सेलमध्ये. त्यावर छापलं होतं ‘503040, 2000 एमएएच’ (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप). आकडा नीट वाचा: 5.0 मिलिमीटर जाड, 30 रुंद, 40 लांब, म्हणजे 6 घन सेंटिमीटर. लिथियम पॉलिमरमध्ये घन सेंटिमीटरला ढोबळमानाने 100 एमएएच बसतात. 600 झाले. 2000 त्या आकारात मावतच नाहीत, मोजपट्टी लावली की चोरी उघडी. वजनही सांगतं: 600 चा सेल 12 ग्रॅमच्या आसपास, 2000 चा 35 ते 40. जळगावात सोनाराच्या काट्याला तोटा नाही, एकदा ठेवून पाहा.

खरी क्षमता काढायची तर 10 ओहम, 5 वॅटचा रेझिस्टर लावा आणि व्होल्टेज 3.0 वर येईपर्यंत घड्याळ बघा. रेझिस्टर तापतो, फरशीवर ठेवा. 600 चा सेल दीड तासाच्या पुढे जातो. हा 40 मिनिटांत बसला, म्हणजे 250 सुद्धा धड नाही. वायर जोडायच्या धातूच्या पट्ट्यांवर जुन्या सोल्डरचे डाग होते, म्हणजे जुन्या मालातून काढून नवं वेष्टण चढवलेला. डोक्याशी पिवळ्या टेपखाली असायला हवा तो छोटा संरक्षक बोर्डच नव्हता. असा सेल कमरेला बांधला आणि धागा शॉर्ट झाला, तर करंट तोडणारं कुणी नाही. हे कापडात शिवायचंय, विसरू नका.

चार्जिंगचा टीपी4056 बोर्ड खरा असला तरी बिनसंरक्षणाचा होता: एकच आठ पायांची चिप. संरक्षणवाल्यावर आणखी दोन छोट्या चिप आणि ‘आउट’ लिहिलेले, वायर जोडायचे वेगळे पॅड असतात. शिवाय ‘122’ लिहिलेला रेझिस्टर 1 अँपिअर ढकलतो, 600 च्या सेलला ते फार. त्याजागी ‘392’ बसवा, करंट 300 मिलिअँपिअरच्या आसपास येतो. जळगावच्या गोलाणी मार्केटात मोबाइल दुरुस्तीवाले हे सहज करून देतात. पत्र्याच्या खोलीत दुपारी चार्जिंग नको, 45 अंशांच्या वर हे सेल चार्ज करूच नयेत.

पार्सल फोडताना लेबलपासून सलग व्हिडिओ काढा, त्यातच मीटरचा आकडा आणि मोजपट्टी दिसू द्या. तक्रार 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर करा. परताव्यासाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाका असं सांगणारा फोन ही दुसरी फसवणूक असते. पैसे यायला पिन लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. विक्रेता ‘आधी सेल कुरिअरने परत पाठवा’ म्हणाला आणि सेल फुगलेला असेल, तर पाठवू नका. फोटो द्या, सेल घराबाहेर वाळूच्या डब्यात ठेवा.