पगारी तासातील वर्ग : मकरपुऱ्यातील एका प्रशिक्षण सेवेचा अनुभव

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात गेल्या वर्षापासून एक खाजगी प्रशिक्षण संस्था आठवड्यातून दोनदा कामगारांचे वर्ग घेते. वर्ग पाळीच्या वेळेतच भरतो आणि त्या तासाचा पूर्ण पगार मिळतो. वडोदऱ्यातील आणखी काही कारखाने अशी सेवा घेण्याच्या विचारात असल्याचे कानावर येते, म्हणून तिची बरी आणि उणी बाजू येथे नोंदवीत आहे.

तांत्रिक भाग उत्तम आहे. ड्रॉइंग वाचण्याच्या तासाला शिक्षकांनी फळ्यावर काही न काढता आमच्याच रिजेक्शनच्या पेटीतला एक शाफ्ट उचलून आणला, प्रत्येकाच्या हातात मायक्रोमीटर दिला आणि 25 मिलिमीटरच्या त्या व्यासात मिलिमीटरचा शंभरावा भाग कोठे हुकला ते आमच्याकडूनच शोधवून घेतले. पगाराच्या स्लिपवरचा तास तर सगळ्यांच्या लक्षात राहिला. बेसिक व महागाई भत्त्यावर भविष्यनिर्वाह निधीचे 12 टक्के कापले जातात, ईएसआयसाठी, म्हणजे कामगार राज्य विम्यासाठी, कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के जातात आणि मालकाला 3.25 टक्के भरावे लागतात, हे समजताच मागच्या बाकावरील दोघांनी विचारले की, कपात चालू असूनही आपल्याकडे विम्याचे कार्ड कसे नाही. त्यांचे अर्ज वर्ग सुटण्यापूर्वीच लिहून झाले.

‘व्यक्तिमत्त्व विकास’ या नावाखाली जे चालते ते मात्र टाकाऊ वाटले. तीस वर्षे भट्टीपुढे काढलेल्या माणसाला हस्तांदोलन कसे करावे हे शिकवण्यात कोणाचा विकास होतो, हे शिकवणाऱ्यालाही सांगता आले नसते. शिक्षक गुजरातीत बोलतात, दांडिया बाजार या मराठी वस्तीतल्या आम्हा लोकांच्या मराठी प्रश्नांना हसतमुखाने उत्तरे देतात, पण हाती पडते ती पुस्तिका इंग्रजी. ज्या शहरात 1890 मध्ये रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकाराने कलाभवन ही तंत्रशिक्षण संस्था सुरू झाली आणि तंत्रशिक्षण देशी भाषेतून देण्याचा आग्रह धरला गेला, तेथे हे विशेष खटकते.

सर्वांत मोठी उणीव उत्पादनाच्या हिशेबात आहे. वर्गाच्या दिवशीही बोर्डावरचे टार्गेट तेवढेच राहते, त्यामुळे चहाची सुट्टी बुडवून नग पुरे करावे लागतात आणि मग वर्गात डुलक्या येतात. पगार तासाचा मिळाला, पण काम कमी झाले नाही, तर तो वेळ शेवटी कामगाराच्याच अंगातून वसूल होतो. संस्थेने व्यवस्थापनाशी करार करतानाच ही अट घालायला हवी होती. इटलीतील धातुउद्योगाच्या कामगारांनी 1973 च्या करारात तीन वर्षांसाठी शिक्षणाचे 150 पगारी तास मिळवले, तेव्हा त्यांतून पुष्कळांनी अर्धवट सुटलेले शालेय शिक्षण पुरे केले. यंत्राला काय उपयोगी, एवढाच निकष तेथे नव्हता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1974 च्या 140 व्या करारातही पगारी शैक्षणिक रजेत व्यवसायशिक्षणाबरोबर सामान्य, नागरी आणि कामगार संघटनेविषयीचे शिक्षण धरले आहे. भारताने त्या कराराला मान्यता दिलेली नाही, त्यामुळे आपल्याकडे सगळे मालकाच्या मर्जीवर चालते आणि विषयही तोच ठरवतो.

सेवा घ्यावी की नाही, असे कोणी विचारल्यास घ्यावी असेच मी म्हणेन, मात्र टार्गेट किती उतरणार आणि विषय कोण निवडणार हे आधी कागदावर घ्यावे. तिसरी गोष्ट कंत्राटी कामगारांची. आमच्याकडे त्यांना वर्गात प्रवेश नाही, जरी वर्गाआधी खुर्च्या तेच मांडतात. शुल्क माणशी नसून वर्गामागे असल्याने त्यांना बसवण्यास संस्थेची हरकत नाही. युनियनने तसे पत्र दिले असून व्यवस्थापनाचे उत्तर अद्याप आलेले नाही.