प्रवासाची सॅक: शहरातून घ्यावी की गावातल्या त्या छोट्या दुकानातून?

गेल्या सहा वर्षांत मी तीन मोठ्या सॅक घेतल्या. पहिली घरबसल्या मागवली, दुसरी शहरातल्या दुमजली दुकानातून आणली. तिसरीसाठी तासभर प्रवास करून एका टुमदार गावातल्या प्रवाससाहित्याच्या दुकानात गेलो. पहिल्या दोन सध्या माळ्यावर धूळ खात आहेत, म्हणजे माझा कल कुठे आहे ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तरीही सगळ्यांनी उठून गावाकडे जावं, असं माझं म्हणणं नाही.

सॅकमध्ये किती लिटर सामान मावतं, कापड, पावसाचं कव्हर हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. प्रश्न एवढाच, की फक्त एका सॅकसाठी अख्खा दिवस घालवावा का?

शहराची बाजू आधी, कारण ती खरंच भक्कम आहे. एकाच भिंतीवर पंधरा-वीस सॅक टांगलेल्या असतात. माल सतत फिरत असल्यामुळे ताजा असतो. संध्याकाळी कामावरून परतताना डोकावता येतं, आणि नाही आवडलं तर बिल दाखवून परत करता येतं. ऑनलाइन तर त्याहून सोपं. प्लगचा अडॅप्टर, कुलूप, 100 मिलिलिटरच्या बाटल्या, कपडे कोंबायच्या पिशव्या यांसाठी कुठे जाऊच नका, घरी मागवा. पॉवर बँकेचंही तसंच. तिच्यावर वॅट-अवर, म्हणजे तिच्यात किती ऊर्जा साठते तो आकडा, छापलेला आहे ना, एवढं बघा. 100 पर्यंत असेल तर विमानात सहसा अडचण येत नाही, 100 ते 160 ला विमान कंपनीची परवानगी लागते, आणि कुठलीही असली तरी ती हातातल्या बॅगेतच ठेवायची. या वस्तू अंगावर चढवून बघायच्या नसतात.

सॅकचं तसं नाही.

मला खटकलेली गोष्ट वरवर फार किरकोळ आहे. शहरातल्या दुकानात सॅक चढवून बघितली तेव्हा तिच्यात कागदाचे बोळे आणि हवेच्या पिशव्या भरलेल्या होत्या. आरशात मी अगदी झोकात दिसत होतो. पट्टे मऊ, पाठीला जाळी, सगळं कसं छान. मी विचारलं, ‘आत थोडं वजन टाकून बघता येईल का?’ मुलगा बिचारा अदबीने वागत होता. म्हणाला, ‘सर, वजनाला काही नाहीये आमच्याकडे.’ शेजारच्या रॅकमधले बुटांचे दोन खोके आत टाकू का, असं विचारलं, तर तो विक्रीचा माल, हात लावता येणार नाही. शेवटी त्या कागदी बोळ्यांच्या भरवशावर सॅक घेतली. रिकामी सॅक कोणाच्याही पाठीला बसते, हे मला तिसऱ्या दिवशी चढावर कळलं. पाठीवर अकरा किलो होते, कमरपट्टा घसरत पार ढुंगणावर आला होता आणि सगळा भार खांद्यांवर. उजव्या खांद्यावरचा वळ पुढचे आठ दिवस गेला नाही.

चूक निम्मी माझी, हे कबूल. उंची पाच फूट दहा इंच, म्हणून मी डोळे मिटून ‘लार्ज’ उचलली होती. सॅकचं माप उंचीवर नसतं, पाठीच्या लांबीवर असतं. मान खाली घातली की मागे जे हाड टचकन वर येतं तिथून, कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंत. सारख्या उंचीच्या दोन माणसांत हे अंतर पाच सेंटिमीटरनेही वेगळं असू शकतं, कारण कोणाचे पाय लांब असतात तर कोणाचं धड. हे मी पहिल्या सॅकच्या वेळी वाचलंही होतं, टेप घेऊन आरशासमोर मोजलंही होतं. 49 सेंटिमीटर आले. स्वतःची पाठ स्वतः मोजताना माणूस वाकतो, वळतो, टेप भलतीकडेच जाते. ती सॅकही मोठीच निघाली होती. तेव्हा दोष मी सॅकला दिला आणि दुसऱ्या वेळी मोजायच्या भानगडीतच पडलो नाही.

गावातल्या दुकानात दुकानदार काकांनी आधी सॅक दाखवलीच नाही. मान वाकवायला लावली, पाठीवर टेप धरली आणि म्हणाले, ‘पंचेचाळीस. तुम्ही मीडियम.’ मग गल्ल्यामागून वाळूच्या पिशव्या काढल्या, दोन-दोन किलोच्या. पाच पिशव्या आत भरल्या, पाठीला लागून आणि मधल्या उंचीवर, तळाशी नाही. आधी कमरपट्टा आवळायला सांगितला, खांद्याचे पट्टे त्यानंतर. ‘आता जा, गावात चक्कर मारून या. वीस मिनिटांच्या आत येऊ नका.’

मी गेलो. दगडी उतार, अरुंद गल्ल्या, खिडक्यांतल्या कुंड्या, अधूनमधून माझ्याकडे बघून हसणारी माणसं. बाराव्या-तेराव्या मिनिटाला डावीकडच्या कमरेच्या हाडावर काहीतरी टोचायला लागलं. परत आलो, तक्रार केली. काकांनी पट्ट्याचं पॅडिंग हाताने चाचपलं, मान हलवली आणि दुसरी सॅक काढली. पुन्हा वाळू, पुन्हा चक्कर. अशा तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत पाठीवर काही आहे हे मी विसरलो नाही, दहा किलो कोणी विसरत नाही, पण वजन कुठे एकाच जागी बोचत नव्हतं. तीच घेतली. त्यानंतर तिच्यासोबत तीन आठवड्यांचा एक आणि आठ-दहा दिवसांचे दोन प्रवास झाले, खांद्यावर वळ नाही. याला मोजमाप म्हणता येणार नाही, एका माणसाच्या पाठीचा अनुभव आहे इतकंच.

आता गावाच्या दुकानाचे दोष, आणि ते लहान नाहीत. माझ्या मापात एकूण चारच सॅक होत्या, रंग निवडायचा प्रश्नच नव्हता. किंमत शहरापेक्षा थोडी जास्त पडली. बदलून घ्यायचं तर पुन्हा तासभराचा प्रवास.

सगळ्यात मोठी भीती जुन्या मालाची. अशा दुकानात एखादी वस्तू वर्षानुवर्षं पडून राहू शकते. सॅकच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा थर असतो, तो दमट हवेत न वापरताही हळूहळू सुटत जातो. आत हात फिरवा. चिकट लागलं किंवा आंबूस वास आला तर सॅक कितीही छान बसो, ठेवून द्या. बुटांच्या तळव्यांतही बऱ्याचदा हाच पदार्थ असतो. जुने, न वापरलेले बूट दिसतात कोरे करकरीत आणि चालायला लागलं की तळ भुगा होऊन पडतो. म्हणून बूट मी तिथून घेतले नाहीत. काकांना थोडं वाईट वाटलं असावं.

आणखी एक. गाव देखणं असलं की हात सैल सुटतो. सॅक घ्यायला गेलेला मी परतलो तेव्हा पिशवीत चामड्याच्या बांधणीची वही, पितळी होकायंत्र आणि मानेची उशी होती. उशी एकदाच वापरली. होकायंत्र टेबलावर आहे, उत्तर दाखवतं.

माझ्या मते हिशोब असा बसतो. चाकांची बॅग हवी असेल, किंवा सॅक जेमतेम स्टेशनपासून खोलीपर्यंतच न्यायची असेल, तर शहर किंवा ऑनलाइन पुरेसं आहे. तेवढ्यासाठी दिवस घालवू नका. विमानात हातात न्यायची छोटी सॅक असेल तर पाठीआधी कंपनीचं माप बघावं लागतं. कुणी 55 × 40 × 20 सेंटिमीटर सांगतं, कुणी 55 × 35 × 25, आणि हे घरबसल्या नीट जुळवता येतं. पण दहा किलोच्या वर भार घेऊन रोज दोन-तीन तास चालणार असाल, तर मी तरी पुन्हा त्या वाळूच्या पिशव्यांकडेच जाईन. शहरात कुठे वजन भरून चालू देणारं दुकान सापडलं तर गावाची गरज नाही, मला सापडलं नव्हतं.

जाणार असाल तर आधी फोन करून सुट्टीचा वार विचारा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शटर बंद होतं. प्रवासात घालणार तेच बूट घालून जा, टाचेच्या उंचीनेही सॅकचा तोल थोडा बदलतो. आणि दुकान बंद व्हायच्या निदान दोन तास आधी पोचा, कारण काका पहिल्या फेरीवर सॅक विकत नाहीत.