बॉडी कॅपला भोक पाडून पिनहोल: सात महिन्यांनंतर

लेन्स काढून त्या जागी बारीक भोक (पिनहोल) पाडलेली बॉडी कॅप, म्हणजे लेन्स नसताना कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवायचं प्लास्टिकचं झाकण, लावायची आणि फोटो काढायचे, हे सात महिने चाललंय, त्यामुळे आता जरा खात्रीनं लिहितो. कॅमेरा कॅननचा जुना डीएसएलआर, क्रॉप सेन्सरवाला (म्हणजे फोटो टिपणारी चिप जरा लहान).

सगळा खेळ भोकाचा आहे. पहिलं भोक मी थेट प्लास्टिकलाच पाडलं, ते चुकलं, जाड प्लास्टिकमधलं भोक म्हणजे बोगदाच होतो आणि कडेला तुसं राहतात, फोटोत नुसतं धुकं. मग कॅपला मधोमध ड्रिलनं मोठं भोक पाडलं आणि आतून कोल्ड्रिंकच्या कॅनचा तुकडा काळ्या टेपनं चिकटवला. त्या पत्र्यावर सुईचं फक्त टोक टेकवून गोल गोल फिरवायचं, मागे उंचवटा आला की बारीक पॉलिश पेपरनं घासायचा, परत टोक, परत घासणं. मोजायला घरचा स्कॅनर, १२०० डीपीआयला (इंचाला १२०० पिक्सेल) भोक १४ पिक्सेल भरलं म्हणजे ०.३ मिमी. माउंटपासून (लेन्स किंवा कॅप बसते त्या कड्यापासून) सेन्सर ४४ मिमीवर, तेवढ्या अंतराला हेच माप बसतं, अजून बारीक केलं तर डिफ्रॅक्शननं (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्यानं) चित्र उलट जास्त पसरतं.

आता हिशोब करा, ४४ भागिले ०.३ म्हणजे एफ १४७! (एफ म्हणजे अंतर भागिले भोक, आकडा मोठा तितका उजेड कमी.) कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) १०० ला सुद्धा साधारण एक सेकंद लागतो, म्हणजे ट्रायपॉड हवाच. व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार असतो, लाइव्ह व्ह्यूवर (मागच्या स्क्रीनवर) आयएसओ चढवून अंदाज घ्यावा लागतो. आणि व्ह्यूफाइंडर झाकाच, मागून उजेड शिरतो, माझे बडोद्यातल्या मांडवीचे पहिले दहा-बारा फोटो त्यानंच गेले.

सगळ्यात मोठा त्रास धुळीचा. एवढ्या छोट्या अ‍ॅपर्चरला सेन्सरवरचा कण न् कण आकाशात काळा ठिपका होऊन दिसतो. ड्रिल केल्यावर कॅप नीट धुवून वाळवून मगच लावा, मी नुसती पुसली होती आणि सेन्सर साफ करून घ्यायला पैसे गेले.

शार्पनेससाठी हे करायचंच नाही, फुल रिझोल्यूशनला सगळं मऊच दिसतं. पण फोकस नावाची भानगडच नाही, सूरसागर तळ्याच्या कठड्यावर ठेवलेली मोगऱ्याची पुडी आणि पलीकडचा शंकराचा पुतळा, दोन्ही जवळपास सारखेच येतात. कमाटीबागेत निंबाखाली कवडसे पडतात ना, गोल गोल, तो प्रत्येक कवडसा म्हणजे पानांच्या फटीतून पडलेलं सूर्याचं चित्रच, ग्रहणात त्यांच्या कोरी होतात. कॅपमध्ये तेच चाललंय, हे कळल्यापासून मी बागेत कॅमेरा न नेता पण खाली बघतच चालतो.

माझा सगळ्यात आवडता फोटो घरातलाच आहे. आजी खिडकीपाशी जप करत बसली होती, आयएसओ ४००, वीस सेकंद. तिला हलू नकोस असं म्हटलं नाही. चेहरा थोडा विरघळलाय, नऊवारीचा काठ मात्र स्पष्ट, आणि माळ ओढणाऱ्या बोटांच्या जागी नुसता एक फिकट पट्टा, मणी एकही दिसत नाही. लेन्सनं काढलेले तिचे शंभर फोटो असतील माझ्याकडे, त्यात ती कॅमेऱ्याकडे बघत बसलेली असते. ह्यात ती जप करतेय.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी जगभर पिनहोल दिवस असतो, त्या दिवशी परत तिथेच ट्रायपॉड लावणार आहे, ह्या वेळी चाळीस सेकंद.