कुत्र्यासाठी लॉन टाकलं आणि पस्तावलो

जुळे सोलापुरात घर आहे, मागच्या अंगणात आमच्या लॅब्रासाठी आर्टिफिशियल लॉन बसवून घेतलं, २५० स्क्वेअर फूट. दुकानवाला म्हणाला काका बिनधास्त टाका, पेट फ्रेंडली आहे, पाणी मारलं की वास गायब. आता पाणी मारा म्हणणं सोपंय हो, आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ते काय कुत्र्याच्या सू वर ओतू?

आणि खरी चूक वेगळीच. खाली खडीचा थर नाही, उतार नाही, जुन्या कोब्यावरच डायरेक्ट चिकटवून टाकलं, त्यामुळे लॉनच्या खालच्या भोकांतून पाणी उतरतं पण पुढं जायला वाटच नाही, तिथंच मुरतं आणि दुपारी असा अमोनियाचा भपकारा येतो की स्वयंपाकघराची खिडकी उघडता येत नाही. एप्रिलमध्ये पारा चाळीशीच्या वर गेला की ते प्लॅस्टिक तव्यासारखं तापतं, बिचारा पाय उचलत पळतो आणि जाऊन बसतो कुठं तर शेजारच्या शहाबादी फरशीवर!! दोन महिन्यात जॉइंट पण उचकटले, त्यानं दातानं ओढले म्हणून वॉरंटी नाही म्हणे. अरे मग पेट फ्रेंडली कशाला म्हणालास?

माणूस वेळेवर आला, बोलायला गोड, म्हणून एक स्टार. बसवायचंच असेल तर आधी खालचा उतार आणि खडी स्वतः उभं राहून करून घ्या, पैसे नंतर द्या.