काळा प्लग की पीयूसीचा आकडा? जुन्या गाडीचं ‘रिच’ दुखणं कशावरून ओळखायचं

पलासियाच्या सिग्नलला गाडी थांबली की मागचा स्कूटरवाला नाकाला रुमाल लावतो, पेट्रोल पाण्यासारखं जातं, चढाला इंजिन गुदमरतं. इंदूरमध्ये फियाट ११०० किंवा पद्मिनी बाळगून असलेल्यांना हे नवं नाही. ‘रिच आहे’, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त जातंय, असं म्हणत मिस्त्री लगेच हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर उतरवायला पाना काढतो. त्याला जरा थांबवा. आधी खात्री करायचे दोन मार्ग आहेत: स्पार्क प्लग काढून त्याचा रंग वाचणं आणि पीयूसीच्या मशीनवर धूर मोजणं.

प्लगचा मोठा फायदा म्हणजे तो प्रत्येक सिलिंडरचं वेगळं सांगतो. चारही प्लगवर सारखीच कोरडी, बोटाला लागणारी काजळी असेल तर संशय कार्बोरेटरवर. एकच काळा आणि तीन स्वच्छ असतील तर कार्बोरेटरला हात लावू नका. एकच वाढपी चौघांना वाढतोय, तो एकाच्याच पानात जास्त कशाला वाढेल? त्या सिलिंडरचा स्पार्क, प्लगची वायर बघा. काळेपणा ओला, तेलकट, चमकणारा असेल तर ऑइल वर चढतंय.

पण प्लग फसवतोही. ‘चहाच्या रंगाचा प्लग म्हणजे उत्तम’ हा हिशेब शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातला. ते पेट्रोल २००० साली देशभर बंद झालं. आता प्लगवर तसा रंग सहज चढत नाही. शिवाय सियागंजच्या गर्दीत रेंगाळत गॅरेजला पोचलेल्या गाडीचा प्लग फक्त त्या रेंगाळण्याचीच हकीकत सांगतो. इंजिनावर जोर असतानाचं (लोडवरचं) कळायचं असेल तर पहाटे मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी वरच्या गिअरला दाबून चालवा, मग क्लच दाबून लगेच इग्निशन बंद करा, कडेला थांबा आणि प्लग काढा. स्टिअरिंग लॉक असेल तर चावी काढू नका. भेरूघाटात चढ चांगला मिळतो, पण मागून ट्रक असताना असले प्रयोग नकोत.

पीयूसीचं मशीन दोन आकडे देतं: कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. २००० च्या आधीच्या पेट्रोल गाड्यांना मर्यादा ३ टक्के आणि १५०० पीपीएम. कार्बन मोनॉक्साइड खूप वर असेल तर गाडी रिच, वाद संपला. तो कमी आणि हायड्रोकार्बन भरमसाट असेल तर पेट्रोल जळतच नाहीये, म्हणजे मिसफायर. प्लग दोन्हीत काळाच दिसू शकतो, म्हणून इथे मशीन सरळ जिंकतं.

त्याची उणीव अशी की मोजणी आयडलवर, म्हणजे रेस न देता, होते. तेव्हा वेगात पेट्रोल पुरवणाऱ्या मेन जेटचं काम जवळजवळ सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे पीयूसी पास झालेली गाडीही हायवेवर धूर ओकू शकते. तिथल्या माणसाला विनंती करून रेस थोडी वाढवून दुसरा आकडा बघा. इंजिन पूर्ण गरम हवं, हवा अडवणारा चोक उघडा हवा. सायलेन्सरला भोक असेल तर बाहेरची हवा मिसळून आकडा खोटाच कमी येतो.

माझं मत विचाराल तर तक्रार सिग्नलवरची असेल तर आधी मशीन, वेगातली असेल तर प्लग. एकच काही करायचं असेल तर मशीन. मॉरिस मायनरवाल्यांना तिसरी, फुकटची सोय आहे: त्यांच्या एसयू कार्बोरेटरचा पिस्टन जेमतेम ०.८ मिलिमीटर उचलायचा. रेस वाढून तशीच राहिली तर रिच, इंजिन बंद पडलं तर लीन, म्हणजे पेट्रोल कमी.

सोलेक्स कार्बोरेटरवाल्यांनी आयडलचा मिक्स्चर स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत फिरवून बघावा. जोर केला तर टोक खराब होतं. स्क्रू पूर्ण आत असूनही इंजिन आरामात चालत राहिलं तर पेट्रोल दुसरीकडून येतंय. थ्रॉटल जास्त उघडा राहिलेला नसेल, तर बहुधा फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी, भरून वाहतंय.

दोष उंचीला आणि इथेनॉललाही दिला जातो. इंदूर सुमारे ५५० मीटरवर आहे, हवा साधारण पाच टक्के विरळ, त्यामुळे मिश्रण दोन-अडीच टक्के रिच होतं. एवढ्यानं काळा धूर येत नाही. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल तर त्याच जेटवर मिश्रण उलट लीन करतं. त्याचा उपद्रव वेगळा: जुने रबरी पाइप आतून कुजतात, तो चुरा चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या नीडल व्हॉल्व्हखाली अडकतो आणि चेंबर वाहू लागतं.

म्हणून कार्बोरेटर उघडलाच तर जेट बदलण्याआधी चोकची पट्टी पूर्ण उघडते का, नीडल नीट बसते का ते पाहा, आणि चेंबरमधला पोकळ, तरंगणारा पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे येतील तिथे चीर. आतलं पेट्रोल पूर्ण काढल्याशिवाय डाख देऊ देऊ नका, भडका उडतो. आणि डाख अगदी थोडा हवा: फ्लोट जड झाला की पेट्रोलची पातळी चढते आणि गाडी पुन्हा रिच.