खरकट्यावर पेटणारी शेगडी : शाळेतल्या बायोगॅस संयंत्राचा दीड वर्षाचा अनुभव

आमची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट 140. गेल्या वर्षी जूनमध्ये लोकवर्गणी काढून प्लास्टिकच्या टाक्यांचं छोटं बायोगॅस संयंत्र बसवून घेतलं. खालची टाकी 1000 लिटरची, तिच्यात उपडी घातलेली 750 लिटरची. गॅस धरला की उपडी टाकी वर येते. मुलं तिला टोपी म्हणतात. टोपीवर त्यांनी रंगाने वीतभर अंतरावर रेघा मारल्यात. 'बाई, आज तीन रेघा!' हा आमच्या परिपाठानंतरचा रोजचा निरोप.

शेणाऐवजी खरकट्यावर चालणारं असं संयंत्र पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी विकसित केलं, 2006 साली त्याला शाश्वत ऊर्जेसाठी दिला जाणारा ॲश्डेन पुरस्कारही मिळाला. आमचं त्याच धाटणीचं, पण घेतलं दुसऱ्या विक्रेत्याकडून.

पोषण आहारातलं ताटात उरलेलं, केळ्याच्या साली, भाजीची देठं, तांदळाचं धुवण मिळून आमच्याकडे दिवसाला चार-पाच किलो निघतं. पूर्वी ते स्वयंपाकघरामागच्या खड्ड्यात जायचं. तिथे कुजून मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू, हवेत जायचा, आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट उष्णता धरतो. मला हे संयंत्र हवं होतं ते या खड्ड्यासाठी. सिलिंडरची बचत नंतरची.

ती बचत किती, तेही सांगते, कारण विकणारे फार फुगवून सांगतात. 14.2 किलोचा सिलिंडर आम्हाला शाळेचे दहा दिवस जायचा, आता बारा जातो. खिचडीचं मोठं पातेलं या गॅसवर होत नाही. फोडणी, वाटाणे उकडणं, पाणी तापवणं होतं. एक किलो एलपीजी जळला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, एवढं धरून सातवीच्या मुलांनी हिशेब मांडला. वर्षाला तीन-चार सिलिंडर वाचले तर दीडशे किलोच्या आसपास. आकडा लहान आहे, पण त्यांनी स्वतः काढलेला आहे.

पहिल्या गणपतीत घोटाळा झाला. महाप्रसादाचा उरलेला भात गावाने आणून दिला आणि आम्ही सगळा एकदम ओतला. दोन दिवसांत आंबूस वास सुटला, टोपी भरलेली पण ज्योत धरेना. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, आणखी खाद्य टाका. नेमकं उलटं करायला हवं होतं. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी खाद्य बंद करायला लावलं, शेणकाला आणि थोडी चुन्याची निवळी घातली. बाराव्या दिवशी निळी ज्योत आली. मावशी शेगडीसमोरून हलेचनात. तेव्हापासून खाद्य मोजून, बारीक करूनच जातं; लिंबाच्या फोडी आणि अंड्याची टरफलं वेगळी.

थंडीत गॅस निम्म्यावर येतो, हे आधी कुणी बोललं नव्हतं. नळीत पाणी साचून ज्योत फडफडते, ते अधूनमधून काढावं लागतं. बाहेर पडणारी मळी मात्र सोनं आहे, पातळ करून परसबागेतल्या वांग्यांना घालतो.

शाळांना मुद्दाम सांगायचंय ते सुट्टीबद्दल. टोपी पूर्ण भरली की जादा गॅस कडेच्या फटीतून हवेत निघून जातो. म्हणजे खड्ड्यातून जायचा तोच मिथेन, आता टाकीतून. पहिल्या दिवाळीत आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत खाद्य घातलं आणि कुलूप लावून गेलो. परत आल्यावर टोपीच्या कडेने बुडबुडे येत होते. मला फार वाईट वाटलं. आता सुट्टीच्या आठ दिवस आधी खाद्य थांबवतो, गॅस जाळून संपवतो, आणि सुट्टीत मावशी दर दोन दिवसांनी येऊन शेगडी पेटवून जातात. त्यांच्या या फेऱ्यांचे पैसे आम्ही शिक्षक देतो. घेताना हा खर्चही धरा.

यंत्राला पाचपैकी चार, विक्रीनंतरच्या सेवेला दोन. मे महिन्यात शाळेजवळ राहणारं, जबाबदारी घेणारं कुणी असेल तर जरूर घ्या; नसेल तर खरकट्याचं साधं, वरखाली करत राहायचं कंपोस्ट बरं.