ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलल्याचे पैसे घेतले, बदलला मात्र नाही

लासलगावहून कांदा भरून वाशीला जाणारी माझी गाडी उन्हाळ्यात चालता चालता बंद पडू लागली. थंड असताना काही तक्रार नाही. इंजिन तापलं आणि धक्के बसले की गप्प. थोडं थांबलं की एका सेल्फमध्ये चालू. कसारा घाटात भरलेली गाडी अशी बंद पडते तेव्हा स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. जीवाशी खेळच तो.

हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. कोड आला पी०३३५, म्हणजे इंजिन किती वेगाने फिरतंय हे सांगणाऱ्या क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. हा कोड सेन्सरमुळे येतो, तसाच कपलर (वायर जोडायचा प्लग) किंवा वायरमुळेही येतो. त्याने वायरला हातही न लावता सेन्सर बदलला आणि कोड पुसला. गाडी पुन्हा बंद पडली, तेव्हा म्हणाला, "शेठ, ईसीएम गेलाय." अठ्ठेचाळीस हजार रोख घेतले, हातात कच्ची चिठ्ठी दिली. जुना ईसीएम मागितला तर म्हणे, बदलीत कंपनीला जमा केला.

पुढच्याच खेपेला तेच. शेवटी सिन्नरच्या एका वायरमनकडे गेलो. त्याने ईसीएमचा कपलर काढला, सिग्नलची वायर आणि बॉडी यांच्यात मल्टीमीटर लावला आणि हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने हलवत गेला. स्टार्टरजवळच्या क्लॅम्पपाशी मीटर वाजला. क्लॅम्पखाली वायरचं कव्हर घासून तांबं उघडं पडलं होतं. धक्का बसला की ते लोखंडाला टेकायचं. नवी वायर, वर स्लीव्ह, क्लॅम्प बदलला. काम काही शे रुपयांचं.

मग त्याने स्कॅनरवर ईसीएमचा सीरियल नंबर काढला. मागच्या वर्षीच्या सर्व्हिस रिपोर्टवरही तोच नंबर होता! म्हणजे अठ्ठेचाळीस हजार घेऊन माझाच ईसीएम काढला आणि परत बसवला.

म्हणून भावांनो, कोड पुसायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढा, फ्रीझ फ्रेमसकट, म्हणजे फॉल्ट आला त्या क्षणाच्या रीडिंगसकट. ईसीएमचा सीरियल नंबर आजच लिहून ठेवा. जुना पार्ट आणि जीएसटीचं बिल हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नका. कधी येणारा, कधी जाणारा फॉल्ट असेल तर आधी हार्नेस हलवून बघायला सांगा. मेकॅनिक 'नको' म्हणाला तर गाडी तिथून काढा.

गाडी धंद्याची असली तरी पोटापाण्यासाठी स्वतः चालवणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दाद मागता येते. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. स्कॅनर आणि सर्व्हिस रिपोर्टवरच्या सीरियल नंबरांचे फोटो पाहिल्यापासून गॅरेजवाला फोन उचलत नाही.